बसलेल्या माणसाची हजेरी

पगार देणं ही काही अवघड गोष्ट नसावी, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. इतकी वर्षं मी तो घेत आलो आहे आणि घेताना मला कधी काही अडचण आलेली नाही. पलीकडच्या टोकाला कुणीतरी बसलेलं असतं, ते काहीतरी करतं आणि महिना संपला की पगार येतो. ते कुणीतरी नेमकं काय करतं, याचा विचार करायचं मला कारणच पडलं नव्हतं. ते पडलं ताईंमुळे.

ताई म्हणजे अण्णांना सांभाळायला आम्ही ठेवलेल्या बाई. अण्णा म्हणजे माझे वडील. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ते घसरले, हाड जुळलं, पण जिन्यावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. डॉक्टर म्हणाले, "उतरू शकता." अण्णा म्हणाले, "मी त्या जिन्याचं तोंड पाहणार नाही." मी आणि बायको दोघंही नोकरीवर जाणार, तेव्हा दिवसभर त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. ताई आल्या, आणि घराला हायसं वाटलं. त्या यायच्या आधी अण्णा दिवसातून चारदा मला ऑफिसात फोन करून "मी आहे अजून" एवढंच सांगायचे. आता मीच फोन करायचो, आणि ते "नंतर कर, आमचा डाव चालू आहे" म्हणून ठेवून द्यायचे.

पहिल्याच आठवड्यात ताई घुटमळत माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "दादा, एक काम होतं. मला पगाराचा कागद मिळेल का? पक्का, शिक्क्याचा?"

गोष्ट अशी होती की ताई चुलतबहिणीच्या घरी एका कोपऱ्यात राहत होत्या आणि त्यांची लेक आजीकडे, दुसऱ्या गावी. पलीकडच्या गल्लीत एक खोली रिकामी झाली होती. ती मिळाली तर लेकीला इथे आणता येणार होतं, शाळा सुरू व्हायच्या आत. पण घरमालकीण पगारपत्रक पाहिल्याशिवाय खोली देत नव्हती. साधी चिठ्ठी तिला चालत नव्हती, कारण मागच्या भाडेकरूने आणलेली चिठ्ठी त्याने स्वतःच लिहिलेली निघाली. पुढचा महिना संपून त्यानंतरची पहिली तारीख येईपर्यंत खोली राखून ठेवते, म्हणाली होती.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं या तीन शब्दांनी सुरू झाली आहेत.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल सांगणं भाग आहे, कारण त्यातच माझ्या आत्मविश्वासाचं मूळ आहे. मी सूचनापुस्तिका लिहितो. मिक्सर, गिझर, पंखे, इस्त्र्या. 'यंत्र ओल्या हाताने हाताळू नये' हे वाक्य तुमच्या घरात कुठल्या खणात पडलं असेल, तर ते बहुधा माझं आहे. ज्या माणसाने गिझर कसा लावावा हे अख्ख्या जनतेला समजावून सांगितलं, त्याला एका बाईचा पगार लावता येऊ नये? घरचा गिझर बायको लावते, हा वेगळा विषय आहे.

मी ठरवलं की हे सगळं पद्धतशीर करायचं. बायको म्हणाली, "आधी नीट चौकशी करा." म्हणून मी शेजारी गेलो. तिथेच चुकलं.

आमच्या शेजाऱ्यांना सगळी इमारत 'माहितगार' म्हणते. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट नाही, आणि नसली तर ते ती तिथल्या तिथे तयार करतात. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आवाज खाली आणला. "नोंदणी न करता पगार द्यायला निघालात? अहो, आत जाल. सरळ कामगार कार्यालयात जा, आस्थापना म्हणून नोंद करा, पेरोल सुरू करा. पेरोल म्हटलं की कुणाची टाप नाही प्रश्न विचारायची." पेरोल हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला तो ताबडतोब हवासा वाटला.

आता मालक कोण, हा प्रश्न आला. ताईंना पैसे अण्णांच्या पेन्शनमधून द्यायचे होते, तेव्हा मालक अण्णा. हे त्यांना सांगितलं मात्र, आणि ते उशीला टेकून ताठ बसले. अण्णा आयुष्यभर कारखान्यात मुकादम होते. माणसं त्यांच्या हाताखाली होती, पण मालक त्यांना कुणी केलं नव्हतं.

"हिची मुलाखत कोणी घेतली?" त्यांनी विचारलं.

"मी घेतली, अण्णा."

"तुला काय कळतं?" ते ताईंकडे वळले. "बस पोरी. मागे कुठे काम केलंस?"

"इथेच की आजोबा. मागच्या आठवड्यापासून."

"तिथला मालक कसा होता?"

"तापट होता. पण पत्त्यांत हरला की मान्य करायचा."

"चालेल," अण्णा म्हणाले. "उद्यापासून ये."

कामगार कार्यालयात मी रजा टाकून गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. "आस्थापनेचं नाव?"

"नाव नाही. घर आहे ते."

"नाव नसेल तर पुढचा रकानाच उघडत नाही." माझ्यामागे रांग होती, आणि रांगेतला प्रत्येकजण मला नाव सुचवण्याच्या बेतात होता. मी घाबरून म्हणालो, "अण्णा आणि... मंडळी." बाईंनी ते टाईप केलं. तेव्हापासून आमचं घर कागदोपत्री 'अण्णा आणि मंडळी' आहे. त्यांनी मला एक पावती दिली आणि दारावर आस्थापनेचं नाव, कामाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार लिहिलेला फलक लावण्याची सूचना दिली. सूचना मोघम होती. मी लिहिली असती तर आकृती दिली असती.

फलक माहितगारांनीच ओळखीच्या रंगाऱ्याकडून करून आणला. निळ्यावर पिवळी अक्षरं, खालून रस्त्यावरून वाचता येतील अशी. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसू लागला. एक गृहस्थ जिना चढून वर आले आणि म्हणाले, "लग्नात वाजवायचं किती घेता?" अण्णांनी त्यांना आत बसवून घेतलं आणि वरात किती लांबून निघणार आहे याची सविस्तर चौकशी केली. एक जण नोकरी मागायला आला. त्याचीही मुलाखत झाली आणि त्याला 'कळवू' असं सांगण्यात आलं. आठवडाभरात सोसायटीची नोटीस आली, की निवासी जागेत धंदा चालवल्याबद्दल कारवाई का करू नये. खाली सचिवांची सही होती. सचिव म्हणजे माहितगार.

मी नोटीस घेऊन त्यांच्या दारात गेलो. "अहो, फलक तुम्हीच आणलात."

"तो शेजारी म्हणून आणला," ते शांतपणे म्हणाले. "नोटीस सचिव म्हणून दिली. दोन्हीत गल्लत करू नका." मग आत जाऊन त्यांनी मला नोटिशीचं उत्तरही लिहून दिलं, शेजारी म्हणून. ते इतकं चोख होतं की सचिवांनी ताबडतोब माघार घेतली. फलक मात्र दाराच्या आतल्या बाजूला लावावा असं ठरलं. आता तो फक्त आम्हालाच दिसतो.

मग आलं पेरोलचं सॉफ्टवेअर. ते एका कर सल्लागाराने बसवून दिलं. तरुण गृहस्थ, फार घाईत असायचे. त्यांच्याकडे एरवी मोठमोठ्या कंपन्या, त्यामुळे 'अण्णा आणि मंडळी'चं काम ते बसमध्ये उभ्या उभ्या करायचे. त्यांनी विचारलं, "साप्ताहिक सुट्टीला बदली कामगार कोण?" अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा. रविवारी मला आंघोळ हाच घालतो. पण शिकाऊ म्हणून लिहा. अजून साबण डोळ्यांत जातो."

मी विरोध केला. ज्याच्या हाताखाली ऑफिसात दोन माणसं आहेत, त्याला घरात शिकाऊ म्हणून नोंदवणं बरं दिसत नाही. बायको म्हणाली, "असू दे हो. शिकाल." अशा रीतीने मी 'बदली कामगार (शिकाऊ)' झालो.

राहिली हजेरी. त्यासाठी अण्णांच्या पलंगाशेजारी भिंतीवर कॉम्प्युटरचा एक छोटा पडदा बसवला. त्यावर प्रत्येकाचं नाव, त्याखाली हुद्दा आणि नावापुढे दोन बटणं. हिरवं म्हणजे हजर, लाल म्हणजे गैरहजर. दाबलं की टिंग असा आवाज. हजेरी कोणी लावायची हा प्रश्नच नव्हता. मुकादमाच्या घरात दुसरं कोण लावणार? रोज संध्याकाळी सहाला अण्णा चष्मा लावायचे, घसा साफ करायचे आणि बटण दाबायचे. किती दिवसांनी त्यांना काहीतरी काम मिळालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मला भरून यायचं. मी मनात म्हणायचो, बघा, पद्धतशीर केलं की सगळ्यांचं भलं होतं. कुठलं बटण दाबतात हे बघायला जावं, असं मात्र या सूचनापुस्तिकाकाराच्या डोक्यात आलं नाही.

पहिली तारीख उजाडली. ताईंच्या खात्यात पूर्ण पैसे मी सकाळीच जमा केले होते. प्रश्न आता फक्त कागदाचा होता. ताई नेहमीपेक्षा चांगली साडी नेसून आल्या होत्या. लेकीला फोनवर सांगून झालं होतं, आणि तिने तिकडे आजीच्या घरी दप्तरसुद्धा भरून ठेवलं होतं. मी अर्धा दिवस रजा काढली होती. सगळे अण्णांच्या खोलीत जमलो, आणि मी 'पगारपत्रक तयार करा' हे बटण दाबलं.

दोन कागद निघाले. पहिला माझा. सगळे रविवार हजर, पूर्ण पगारास पात्र. दुसरा ताईंचा. महिन्यातले तीन दिवस हजर. बाकी सगळा महिना गैरहजर. खाली यंत्राने आपण होऊन शेरा मारला होता, 'सदर कर्मचाऱ्याची सेवा समाधानकारक नाही.'

ताईंनी कागद वाचला आणि त्याची घडी घातली. मी सल्लागारांना फोन लावला. ते बसमध्येच होते. "महिना बंद झाला की उघडत नाही," त्यांनी सांगितलं. "पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. उतरतोय, ठेवतो." पुढच्या महिन्यापर्यंत खोली थांबणार नव्हती. मालकिणीने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती, आणि एक जोडपं खोली पाहूनही गेलं होतं.

"अण्णा, हे काय केलंत तुम्ही?" माझा आवाज चढला. "ताई एक दिवस चुकल्या नाहीत. तुम्ही रोज लाल बटण दाबत होतात?"

"मग काय दाबू?" अण्णांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बसलेल्या माणसाची हजेरी मी जन्मात लावली नाही. हात चालू तर हजेरी चालू. गादी उन्हात घातली त्या दिवशी लावली. पाणी सांडलं ते पुसलं त्या दिवशी लावली. कपाट आवरलं त्या दिवशी लावली. बाकी दिवस ही माझ्याजवळ बसून असते. पत्ते खेळते, बोलते, माझ्या कारखान्याच्या गोष्टी ऐकते. ते काय काम झालं?"

"तेच काम आहे, अण्णा," मी ओरडलो. "तुमच्याजवळ बसायचाच पगार देतो आपण त्यांना."

बोललो आणि जीभ चावली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि पांघरुणाच्या टोकाने उगाच पुसत राहिले. एवढा मोठा मुकादम, पण त्या क्षणी फार लहान दिसला. आपल्याजवळ कुणी बसावं म्हणून पैसे मोजावे लागतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही.

ताई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "आजोबा, दादांना हिशेब कळत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गोळ्या, आंघोळ, पायांना तेल, जेवण, याचा पगार. ते मी तुम्ही चष्मा लावायच्या आत उरकते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. पुढचं बसणं माझ्या मर्जीचं. मला घरी कोपरासुद्धा नाही बसायला. इथे बसते, बरं वाटतं. त्याची हजेरी तुम्ही लावली नाहीत ते बरोबरच केलंत."

मग अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काठी कुठे आहे माझी?"

"कशाला?"

"त्या बाईला पगाराचा पुरावा हवा ना? पगार कोण देतं? मालक. चल, मालक दाखवू."

"अण्णा, जिना आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. त्याच जिन्यावरून पडलोय मी."

ते उतरणं मी विसरणार नाही. पुढे ताई, एकेक पायरी उलट्या पावली उतरत, दोन्ही हात अण्णांसमोर धरून. मध्ये अण्णा. मागे मी, वाटेत दम लागला तर बसायला म्हणून डोक्यावर खुर्ची घेऊन. त्यामागे बायको पाण्याची बाटली घेऊन. माहितगार दार उघडून बाहेर आले आणि डावा पाय आधी की उजवा यावर बोलू लागले, तेव्हा अण्णा म्हणाले, "शेजारी म्हणून सांगताय की सचिव म्हणून?" माहितगार निमूटपणे खुर्चीचा एक पाय धरून आमच्याबरोबर उतरू लागले. शेवटच्या पायरीवर अण्णा थांबले. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ताई म्हणाल्या, "हरलेला डाव मान्य करायचा असतो, आजोबा." अण्णांनी पाय टाकला.

घरमालकिणीचं खोलीच्या खालीच बटणं आणि दोऱ्यांचं दुकान होतं. एक म्हातारा, एक खुर्ची आणि चार माणसं असा लवाजमा दारात पाहून तिने हातातली रिळं खाली ठेवली. आम्ही अण्णांना दुकानासमोर खुर्चीवर बसवलं. त्यांना धाप लागली होती, पण बसले मालकासारखे.

"पगारपत्रक आणलंय?" तिने ताईंना विचारलं. मी खिशातला कागद आणखी खोल ढकलला.

"मला आणलंय," अण्णा म्हणाले. "मी हिचा मालक. विचारा काय विचारायचं ते."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नोकरी पक्की आहे का हिची? उद्या काढून टाकलंत तर माझं भाडं बुडेल."

"मी आहे तोवर पक्की आहे."

"आणि तुम्ही..." ती थांबली. पुढचं विचारणं तिलाच बरं वाटेना.

"मी किती दिवस, असंच ना?" अण्णा हसले. "सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर फार भरवसा दिला नसता. आता हिने हातात घेतलंय मला. लवकर सुटेन असं दिसत नाही. आज जिना उतरून आलोय, बाई. हाड मोडल्यापासून पहिल्यांदा."

"हिच्या खोलीसाठी?"

"हिच्या लेकीसाठी. दप्तर भरून बसलीय पोर."

मालकिणीने त्यांना पाणी दिलं. मग गल्ल्यातून किल्ली काढली आणि ताईंच्या हातात ठेवली. "चिठ्ठी खोटी लिहिता येते," ती म्हणाली. "असा म्हातारा कुठून आणणार?" ताईंनी किल्ली मुठीत धरली आणि तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून रडल्या. अण्णा हात लांब करून त्यांच्या डोक्यावर थोपटत राहिले. माहितगार दुसरीकडे पाहत होते. मीही पाहत होतो, पण माझ्या नजरेसमोर सगळं धूसर होतं.

परत येताना अण्णा वाटेत दोनदा बसले. मी प्रत्येक वेळी खुर्ची मांडली, उचलली, पुन्हा डोक्यावर घेतली. मनात सारखे एकेकाचे आभार मानत होतो. ताईंचे, त्या बाईंचे, अण्णांच्या हाडाचे. माहितगारांचेसुद्धा, आणि हे मी शुद्धीवर असताना लिहितो आहे. माझ्या एका वाक्याने जे मोडायला निघालं होतं, ते ताईंनी चार वाक्यांत सांधलं होतं. याची सूचनापुस्तिका कुठे मिळत नाही.

पुढच्या महिन्यात नियम बदलला. सकाळची पहिली गोळी घेतली की अण्णा ताईंच्या नावापुढचं हिरवं बटण दाबतात आणि मग दिवसभर पडद्याकडे पाहत नाहीत.

त्यानंतरच्या एका रविवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मी अण्णांची आंघोळ उरकून नुकताच टेकलो होतो, तोच बेल वाजली. दारात ताई होत्या आणि त्यांचा पदर धरून त्यांची लेक. "आज सुट्टी आहे हो, माहीत आहे," ताई म्हणाल्या. "ही म्हणाली, त्या जिनेवाल्या आजोबांना बघायचंय." अण्णांनी पत्ते काढले. मुलगी पलंगावर चढून बसली, ताई खुर्चीवर बसल्या.

डाव मांडता मांडता अण्णा भिंतीकडे वळले, चष्मा नीट केला आणि ताईंच्या नावापुढचं लाल बटण दाबलं. "कामावर नाही आज," ते मुलीला म्हणाले. "पाहुणी आहे."

मी चहा टाकायला उठलो. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो असेन, तेवढ्यात मागून आणखी एक टिंग ऐकू आलं. वळून पाहिलं, तर माझ्या नावापुढे हिरवं लागलं होतं, आणि त्याखालचं 'शिकाऊ' अण्णांनी पुसून टाकलं होतं.